विनातारण वास्तू : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

स्मरणिका समितीने माझ्याकडे 'वास्तू' या विषयावर चार पानं लिहून मागितली, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. वास्तू म्हटलं की हल्ली लोकांना दिशा आठवतात. देव्हारा कुठं, गॅस कुठं, जिन्याखाली संडास चालेल का. यातलं मला काही कळत नाही. मी बँकेत नोकरी केली. हजारभर तरी घरांच्या कर्जाची प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली असतील. प्रत्येक प्रकरणात मी नकाशा बघितला, सातबारा बघितला, मूल्यांकन बघितलं, तारण किती आणि जामीनदार कोण ते बघितलं. त्या घरात राहणाऱ्या माणसाबद्दल ते घर काय समजतं, हे मात्र एकदाही बघितलं नाही. तसा रकानाच नव्हता.

असा रकाना ज्यांच्या मनात होता असा एक माणूस आपल्याच सातारा-सांगली भागात होऊन गेला. ते ना इंजिनिअर होते ना आर्किटेक्ट. ते राजे होते. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सगळ्यांचे बाळासाहेब. सूर्यनमस्कारवाले राजेसाहेब म्हणून जुन्या मंडळींना ते ठाऊक असतील. आपल्या सोसायटीतल्या मुलांना बहुधा ठाऊक नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

माझं मूळ गाव खटाव तालुक्यातलं. आजोबा औंध संस्थानची रयत. वडील संस्थानच्या शाळेत शिकले आणि तिथं सूर्यनमस्कार सक्तीचे होते, त्यामुळे वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत ते रोज पहाटे न चुकता घालायचे. आमच्या घरात 'राजेसाहेब' हा शब्द आला की तो फक्त औंधच्यांसाठीच. तेव्हा माझ्या लिहिण्यात थोडा पक्षपात दिसला तर तेवढा सोडून द्यावा.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पंतप्रतिनिधी हे जुनं घराणं. राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झालं, आणि पुढं किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांनी ते पद या घराण्यात आणलं. इंग्रजी अमदानीत उरलं ते औंध संस्थान म्हणजे ७२ गावं. तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला. नकाशावर पाहिलं तर कुणी मूठभर शेंगदाणे फेकल्यासारखं दिसतं. त्यातला बराचसा मुलूख माणदेशी, दुष्काळी. पाऊस पडला तर पडला. उत्पन्नाच्या दृष्टीनं असं संस्थान माझ्यासमोर कर्जाला आलं असतं तर मी फाईल वरिष्ठांकडे ढकलली असती.

बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. धाकटे असल्यानं गादी आपल्याला मिळेल असं त्यांना वाटण्याचं कारण नव्हतं. वडिलांनंतर थोरले भाऊ, मग पुतणे, आणि शेवटी १९०९ साली हे. म्हणजे गादीवर बसले तेव्हा चाळिशी उलटलेली. तोवर त्यांनी हौसेनं चित्रं काढली, कीर्तनं शिकले. राजा स्वतः उभा राहून कीर्तन करतो हे दृश्य तेव्हाही नवलाचंच असणार. रामायणावरचं त्यांचं सचित्र पुस्तक १९१६ साली निघालं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची ठरवली तेव्हा एवढ्याशा संस्थानातून त्यांनी एक लाख रुपयांची देणगी कबूल केली आणि चित्रंही स्वतः काढायला घेतली. ते काम संपायला १९६६ साल उजाडलं. देणाऱ्याला शेवट बघायला मिळाला नाही. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

वेरूळ आणि अजिंठा या दोन ठिकाणांचं त्यांना विलक्षण वेड होतं. नुसतं बघून यायचं वेड नव्हे. दोन्हींवर त्यांनी पुस्तकं लिहिली. इथं मला माझं एक मत मांडायचं आहे. ते त्यांच्या पुस्तकात शोधू नका, सापडणार नाही. आपण घर बांधतो ते रचून बांधतो. विटेवर वीट, खालून वर. वेरूळचं कैलास लेणं मात्र वरून खाली कोरत आणलेलं आहे. तिथं काही रचलेलं नाही, नको तेवढा दगड काढून टाकला आहे, आणि उरलं ते देऊळ. अशा वास्तूकडे वर्षानुवर्षं पाहणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न पक्का बसत असावा: इथलं काय काढून टाकता येईल? पुढं म्हातारपणी बाळासाहेबांनी जे केलं ते मला याच रीतीचं वाटतं. पण त्याआधी त्यांच्या तारुण्यातल्या, म्हणजे राजेपणाच्या पहिल्या वर्षातल्या एका व्यवहाराबद्दल लिहितो, कारण तो बँकेच्या माणसाला झोप येऊ देणार नाही असा आहे.

बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवत होते. तिथल्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी होती, त्यामुळे कारखाना हलवावा लागणार होता. लक्ष्मणराव त्या सुमारास औंधला वाड्यातल्या एका दालनाचं बांधकाम करत होते. बाळासाहेबांच्या कानावर ही अडचण गेली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि वर १०,००० रुपये बिनव्याजी दिले. साल १९१०. जमीन कसली, निवडुंगाचं रान होतं. साप-विंचवांचं घर. पाणी नाही, वस्ती नाही. आज ज्याला किर्लोस्करवाडी म्हणतात ती वसाहत तिथं उभी राहिली. कारखाना, कामगारांची घरं, शाळा, बागा. स्टेशनचं नावसुद्धा नंतर बदललं.

हे प्रकरण मी मनातल्या मनात कितीदा तरी आमच्या छापील अर्जात भरून बघितलं आहे. तारण: नाही. जामीनदार: नाही. परतफेडीची क्षमता: जुनी जागा गेलेली. शेतकऱ्यांमध्ये तेव्हा लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असा समज होता, म्हणजे बाजारपेठही साशंक. प्रत्येक रकान्यात नकारच. मग राजेसाहेबांनी काय बघितलं? त्यांनी आपल्या दालनाचं काम करणारा माणूस रोज समोर बघितला होता. काम बघितलं आणि ३२ एकर दिले. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. ओगले बंधूंचा काचकारखाना कराडजवळ उभा राहिला त्यालाही औंधचा असाच हात होता. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

किर्लोस्करवाडीची एक गोष्ट पुढच्या मजकुरासाठी हवी आहे म्हणून सांगतो. त्या रानात चोऱ्यामाऱ्या होत. राखणीला माणसं हवी होती. वाडीच्या चालकांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाच रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्या भीतीनं दारं लावायची त्यांच्याच हाती किल्ल्या दिल्या म्हणा ना. ही माणसं पुढं वाडीची विश्वासू राखणदार ठरली. हा प्रयोग राजेसाहेबांचा नव्हता, किर्लोस्करांचा होता, पण घडला तो औंधच्या मुलखात.

बाळासाहेबांच्या आयुष्यातली मधली पंचवीस-तीस वर्षं मी भरकन पुढे नेतो. शाळा काढल्या, व्यायामाचा प्रसार केला, पंडित सातवळेकर १९१८ पासून औंधला राहून वेदांचं काम करत होते त्यांना आसरा दिला. सूर्यनमस्कारांवर पुस्तकं लिहिली, ती इंग्रजीतून परदेशातही गेली. या सगळ्याची यादी कुठल्याही चरित्रकोशात मिळेल.

मला थांबायचं आहे ते १९३८ सालाशी. त्या वर्षी ते सत्तर वर्षांचे झाले. आपल्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळींनी जरा स्वतःकडे बघावं. सत्तरीला आपण काय करतो? नामनिर्देशनाचे फॉर्म भरतो, मुदत ठेवींच्या पावत्या एका पिशवीत बांधून ठेवतो, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही यावर चर्चा करतो. या गृहस्थानं सत्तरीच्या आसपास, दोन-एक वर्षांत तीन गोष्टी केल्या. चित्रांसाठी घर बांधलं. राज्य देऊन टाकलं. आणि तुरुंगाची भिंत काढली.

पहिली गोष्ट, श्री भवानी संग्रहालय. औंधला यमाईचा डोंगर आहे, मूळपीठ. यमाई ही पंतप्रतिनिधींची कुलदेवता आणि आमच्या भागातल्या असंख्य घरांचीही. डोंगरावर देवीला जाताना वाटेतच, उतारावर, हे संग्रहालय लागतं. मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीत, सातवीत असताना. खरं सांगायचं तर त्या वयात चित्रांपेक्षा डब्यातल्या दशम्यांकडे लक्ष होतं. पण आत गेल्यावर वाटलेलं एक आश्चर्य अजून आठवतं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत सगळीकडे सारखा, शांत उजेड. दिवे लावलेले नव्हते. उजेड वरून उतरत होता आणि चित्रावर चमक मारत नव्हता. गुरुजींनी मान वर करून झरोके बघायला सांगितलं. बांधणाऱ्यानं उजेडाचा विचार आधी केला होता आणि भिंतींचा नंतर. चित्रकाराच्या हातून घर बांधलं गेलं की असं होत असावं.

आत राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, धुरंधर आहेत, राजेसाहेबांची स्वतःची आहेत, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं एक दगडी शिल्प आहे. मुंबईत किंवा पुण्यात हा संग्रह ठेवला असता तर कौतुक करणारे शहाणे लोक जास्त मिळाले असते. तो औंधला ठेवला, आणि औंधमध्येही वाड्यात नव्हे, देवीच्या वाटेवर. देवीच्या वाटेनं कोण जातं? नवस फेडायला निघालेली बाई जाते, धनगर जातो, डोक्यावर मूल बसवलेला बाप जातो. ही माणसं रविवर्मा बघायला म्हणून घरातून कधीच निघाली नसती. दर्शनाला निघाली आणि वाटेत रविवर्मा भेटला. आता माणदेशातल्या दुष्काळी मुलखात चित्रांच्या घरावर पैसा घालावा का, हा प्रश्न रास्त आहे. मी स्वतः पूर्वी तो तावातावानं मांडत असे. आता मांडत नाही, पण ज्यांना मांडायचा असेल त्यांचं तोंड मला धरता येणार नाही. एवढंच म्हणेन की ज्या माणसांच्या पोटाची काळजी सगळे करतात पण डोळ्यांची कुणी करत नाही, त्यांच्या डोळ्यांची किंमत या घरानं धरली होती.

दुसरी गोष्ट राज्याची. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेत ऑक्सफर्डला शिकून आले होते. त्यांची बंगलोरला एका पोलिश इंजिनिअरशी गाठ पडली. मॉरिस फ्रीडमन. मूळचे ज्यू, वॉर्सॉकडचे, विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना चालवायला म्हैसूर संस्थानात आलेले, आणि इथं येऊन गांधीजींच्या आणि रमण महर्षींच्या नादी लागलेले. भारतानंद हे नाव त्यांनी घेतलं. (पुढं मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणून जगापुढं ठेवली ती याच माणसानं. एका आयुष्यात किती आयुष्यं!) हे तिघं, म्हणजे वडील, मुलगा आणि पोलिश साहेब, औंधला बसले आणि राज्य लोकांच्या हाती द्यायचं ठरलं. सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमाराला राजेसाहेबांनी तसं जाहीर केलं. गांधीजींनी राज्यघटनेच्या मसुद्यात स्वतः लक्ष घातलं. जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तालुक्यांतून वरची सभा. मत द्यायला लिहिता-वाचता येणं आवश्यक, म्हणून मग गावोगाव प्रौढ माणसं रात्री पाटी घेऊन बसू लागली. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती.

यालाही मी वास्तूच म्हणेन. जुन्या राज्याची इमारत वरून खाली आलेली, वर एक माणूस आणि खाली सगळे. तिचा पाया गावात घालून ती उलटी उभी केली. आणि माझं ते कैलास लेणं इथं पुन्हा आठवतं, कारण यात राजेसाहेबांनी नवीन काही मिळवलं नाही. स्वतःच्या वाट्याचा दगड तेवढा काढून टाकला.

तिसरी गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे.

फ्रीडमनसाहेबांच्या डोक्यात कैद्यांबद्दल एक कल्पना होती. राजेसाहेबांनी ती मान्य केली. १९३९ साली आटपाडीजवळ माळावर एक वसाहत वसवली आणि तिला नाव दिलं स्वतंत्रपूर. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथं आणले. शेती करायची, विहिरीचं पाणी ओढायचं, बायकापोरांना बोलावून घेऊन संसार करायचा. भोवती भिंत नाही. दरवाजाच नाही तर कुलूप कशाला लावणार?

तुरुंग म्हणजे काय, असं कुणालाही विचारा. भिंत, असंच उत्तर येईल. बाकी काहीही काढलं तरी चालेल, पण भिंत काढली तर तुरुंग उरत नाही. आणि यांनी नेमकी तीच काढली. शिक्षा राहिली, काम राहिलं, मुदत राहिली. पळून न जाण्याची जबाबदारी दगडांकडून काढून माणसाकडे दिली. राजेसाहेब तेव्हा एकाहत्तरीत होते. त्यांनी जर घाबरून नको म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. एखादा खुनी पळाला असता आणि कुणाच्या घरात शिरला असता तर सगळा दोष त्यांच्या माथी आला असता, आणि ब्रिटिश रेसिडेंट अशा संधीची वाटच बघत असतो. विनातारण कर्ज ते हेच.

माझी आटपाडीला बदली झाली तेव्हा ही सगळी हकिगत मला पुस्तकी ठाऊक होती. संस्थान जाऊन पस्तीस-एक वर्षं झाली होती. वसाहत मात्र चालू होती, सरकारच्या तुरुंग खात्याकडे. एका दुपारी वसुलीच्या कामाला मोटारसायकलवरून निघालो आणि मुद्दाम तिकडे वळलो. डोळे भिंत शोधत होते. भिंत नाही म्हणून कुणी शंभरदा सांगितलं तरी डोळ्यांना सवय असते. एक माणूस बांधावर गवत कापत होता. त्याला विचारलं, स्वतंत्रपूरचा तुरुंग कुठं आहे? त्यानं विळा खाली ठेवला आणि सांगितलं की साहेब, तुम्ही तुरुंगातच उभे आहात. थोडं बोलणं झाल्यावर कळलं की तो स्वतः कैदी होता. जन्मठेपेचा. त्यानं मला पाणी दिलं. आतून त्याच्या बायकोनं चहा विचारला. मी घाईत आहे म्हणालो, जे खोटं होतं. मला भीती वाटली होती. त्या माणसाला माझी भीती दिसली, हेही मला दिसलं. त्यानं नुसता नमस्कार केला आणि पुन्हा गवताला लागला.

चाळीस वर्षं झाली, पण तो न घेतलेला चहा मला अजून आठवतो.

या वसाहतीची गोष्ट पुढं सगळ्या देशानं बघितली, फक्त नाव न कळता. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' आठवा. सहा कैदी, एक जेलर आणि माळरान. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मले, औंध संस्थानातच वाढले आणि शिकले. स्वतंत्रपूर त्यांच्या घराच्या अंगणातलं म्हणायला हरकत नाही. चित्रपट बर्लिनला गाजला. राजेसाहेबांना तो बघायला मिळाला नाही.

८ मार्च १९४८ ला औंध संस्थान विलीन झालं. बेचाळीसच्या चळवळीत याच संस्थानातल्या कुंडल भागात प्रतिसरकारची मंडळी वावरत होती आणि लोकांनी निवडलेल्या पंचायती तिथं चालू होत्या, त्यामुळे विलीनीकरणानंतर आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना स्वराज्य आलं याचं जेवढं अप्रूप वाटायला हवं तेवढं वाटलं नाही असं वडील सांगायचे. त्यांना ते आधीच येऊन गेलेलं होतं. उलट गावचे निर्णय आता जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागले याचंच त्यांना वाईट वाटलं. बाळासाहेब १९५१ साली वारले. वय ८२.

आता आपल्या सोसायटीबद्दल थोडं, कारण स्मरणिका आपली आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा कंपाउंडची भिंत चार फुटांची होती. पलीकडच्या वस्तीतली पोरं भिंतीवर बसून आपल्या पोरांचं क्रिकेट बघायची, आणि अकरावा गडी कमी पडला की आत उडी मारायची. मग दोन सायकली चोरीला गेल्या. तातडीची सभा झाली. भिंत सात फूट करायची आणि वर काचा लावायच्या असा ठराव आला. खजिनदार मी होतो. ठराव मीच मांडला, आकडे मीच दिले, आणि तो एकमतानं मंजूर झाला. इतिवृत्त दफ्तरात आहे. त्यानंतरही एक सायकल गेली, ती फाटकातून. मुख्य म्हणजे क्रिकेट बंद पडलं, कारण आपल्याकडे अकरा पोरं कधी नव्हतीच.

त्याच वर्षी वॉचमनची केबिन केली. पत्र्याची, चार बाय चार. अठरा हजार रुपये वाचवले म्हणून माझं कौतुक झालं होतं. तिला एकच खिडकी आहे, ती फाटकाकडे. उन्हाळ्यात आत बसवत नाही, पावसाळ्यात पाणी येतं, आणि संडासाची सोय नाही, म्हणून तो माणूस रात्री कुठं जातो हे आपण पंचवीस वर्षांत त्याला विचारलेलं नाही. आपल्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या सुट्टीत त्याच्याकडे असतात. गॅस सिलिंडर तो उतरवून घेतो. माझ्या बायकोला मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा लिफ्ट बंद होती आणि तिला खुर्चीवर बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली त्यानंच आणलं. त्याच्याबद्दल आपली केबिन काय समजते, ते त्या केबिनकडे नुसतं बघितलं तरी दिसतं. हा नकाशा माझ्या सहीचा आहे.

रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सर्वसाधारण सभेसमोर दोन विषय येणार आहेत. एक, फाटकाचं नूतनीकरण. दुसरा, भिंतीवर विजेची तार बसवण्याचा. तार बसवण्याला माझा विरोध आहे, तो मी सभेत मांडेन, आणि हरलो तर गप्प बसेन, पण इतिवृत्तात विरोध नोंदवून घेईन. फाटकाच्या कामात मात्र पत्र्याच्या केबिनच्या जागी विटांची दहा बाय बारा खोली, दोन बाजूंना खिडक्या, पंखा, नळ आणि संडास-बाथरूम धरावं अशी माझी लेखी सूचना सचिवांकडे दिलेली आहे. अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. वाचवलेले ते अठरा हजार मी आजच्या दरानं व्याजासकट माझ्याकडून भरतो आहे. चेक खजिनदारांकडे आहे, खोली मंजूर झाली तरच वटवावा.

आणि एक. दिवाळीनंतर थंडीत एका रविवारी औंध आणि आटपाडी अशी एक दिवसाची सहल काढावी असं काही सभासदांचं म्हणणं आहे. सकाळी औंध, देवीचं दर्शन आणि संग्रहालय. यमाईच्या डोंगरावर गाडीरस्ता आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी काळजी करू नये. दुपारी आटपाडी. स्वतंत्रपूर ही आजही तुरुंग खात्याची वसाहत आहे, तेव्हा आत जायचं तर आधी रीतसर परवानगी काढावी लागेल. ते पत्र मी तयार ठेवलं आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं कार्यालयात द्यावीत. आपले वॉचमन आणि त्यांच्या घरच्यांची नावं मी आधीच लिहून ठेवली आहेत. त्या दिवशी फाटकावर कोण बसणार हे मात्र अजून ठरायचं आहे. कुणी तयार नसेल तर मी बसेन. माझं औंध बघून झालेलं आहे.